जिन्याची शेवटची पायरीच का दगा देते?

पाऊस सुरू झाला की आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात, एक खड्ड्यांचे फोटो आणि दुसरा म्हणजे अमुक काका पुलाच्या जिन्यावर पडले, मनगट फ्रॅक्चर, प्लास्टर घातलंय. खड्ड्यांवर तावातावाने चर्चा होते, नगरसेवकाला टॅग करतात, मीम बनतात. पडलेल्या काकांना मात्र सगळे एकच सांगतात, जपून चालायचं ना हो.

मागच्या जूनमध्ये माझी आई अशीच पडली. घराजवळचा पादचारी पूल, रोजचा जिना, हातात भाजीची एकच पिशवी, मोबाईल पर्समध्ये. वरून सगळा जिना नीट उतरली आणि अगदी खाली, रस्त्याला लागताना तोल गेला. नशिबाने गुडघ्यावर निभावलं. घरी आल्यावर म्हणाली, "पायरी होती गं, पण नव्हती." मला वाटलं घाबरल्यामुळे काहीतरी बोलतेय. चार दिवसांनी मी शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन तिथे गेले (लोक बघत होते, बघू देत) आणि मोजलं तर सगळ्या पायऱ्या साधारण १५ सेंटिमीटर उंच आणि सगळ्यात खालची फक्त ९. आईने एका वाक्यात सांगितलं होतं ते अगदी बरोबर होतं. त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच घुसले, तर जे कळलं ते सांगते.

पाय डोळ्यांनी चालत नाहीत

पायरीची मापं दोनच. एक उंची, म्हणजे पाय किती उचलायचा ते, गवंडी त्याला रायझर म्हणतात. दुसरं, पाऊल टेकवायला आडवी जागा किती, तो ट्रेड. पुढे मी उंची आणि ट्रेड एवढंच म्हणणार आहे, बाकी काही लक्षात ठेवायची गरज नाही.

आता स्वतःकडे जरा लक्ष द्या. जिना चढताना आपण पहिल्या दोन-तीन पायऱ्या बघतो आणि मग बघायचं सोडून देतो. अंधारात आपल्या घरात स्विच कुठेय हे हाताला जसं माहीत असतं, तसं त्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला माप कळतं आणि पुढचा सगळा जिना पाय त्या मापावर चालतो. आणि पाय भलता कंजूष, गरजेपेक्षा जास्त उचलतच नाही, चप्पल पायरीच्या कडेवरून जाते ती एखाद-दोन सेंटिमीटरचं अंतर ठेवून. त्यामुळे मधलीच एखादी पायरी थोडी उंच निघाली की अंगठा आपटलाच, आणि उतरताना एखादी बुटकी निघाली की जमीन अपेक्षेआधी येते, गुडघ्याला हिसका बसतो आणि तोल जातो.

याचं सगळ्यात झकास उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथे ब्रुकलिनमध्ये ३६ व्या रस्त्यावरच्या सबवे (म्हणजे भुयारी रेल्वे) स्टेशनच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा इंचाच्या काही भागाएवढी उंच होती, बघून कुणाला कळलंही नसतं. २०१२ मध्ये त्याच भागात राहणाऱ्या एका फिल्ममेकरने तिथे कॅमेरा लावला, तर एकामागून एक सतरा माणसं त्याच पायरीवर ठेचकाळताना दिसली, म्हातारी, तरणी, बाळाला घेतलेला एक जण, सगळे. व्हिडिओ पसरल्यावर तो जिना लगेच बंद करून दुरुस्त केला. आता सतराच्या सतरा माणसं वेंधळी असतील का?

म्हणून अमेरिकेतल्या बिल्डिंग कोडमध्ये नियमच आहे की एका जिन्यातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी पायरी यांच्यात ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. साडेनऊ मिलिमीटर म्हणजे आपल्या करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. आईच्या जिन्यात फरक होता ६० मिलिमीटर.

मग ती पायरी अशी झाली कशी?

बांधली तेव्हा ती बरोबरच असणार. बुटकी ती नंतर झाली, आणि ती केली रस्त्याने.

रस्त्याचं काम निघतं, डांबराचा नवा थर पडतो. वरचा थर साधारण ३ ते ५ सेंटिमीटरचा असतो. नियमाप्रमाणे आधी जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा टाकायचा, म्हणजे रस्त्याची पातळी तीच राहते. पण खरवडायला मशीन लागतं, वेळ लागतो, निवडणूक जवळ आलेली असते, मग जुन्यावरच नवा थर. असं दोनदा झालं की जिन्याची खालची पायरी अर्धी जमिनीत गेली समजा. आता ठाण्यात बऱ्याच ठिकाणी डांबरावर काँक्रीटचा थर टाकतात, यूटीडब्ल्यूटी म्हणतात त्याला, तिथेही आजूबाजूची पातळी बघितली नाही तर तीच गत. कधी उलटं होतं, केबल टाकायला जिन्याच्या पायथ्याशी खणतात, पेव्हर ब्लॉक परत बसवताना खाली दाबले जातात आणि शेवटची पायरी एकदम फूटभर उंच होऊन बसते.

मला यातली गंमत अशी वाटते (गंमत कसली, वैताग) की जिना ज्या खात्याचा त्याने काही बिघडवलेलं नसतं आणि रस्ता ज्याचा त्याच्या दृष्टीने जिना हा आपला विषयच नसतो. दोघांची कामं कागदावर चोख. पडणारा माणूस बरोब्बर त्या दोघांच्या मधे पडतो.

दुकानांचंही तेच बघा. नौपाड्यात, राम मारुती रोडला, वाशीच्या सेक्टरांमध्येही, रस्ता उंच होत गेला तशी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दुकानदारांनी ओटे उंच केले आणि त्या ओट्यांच्या पायऱ्या आल्या फुटपाथवर, प्रत्येकाच्या वेगळ्या मापाच्या, कुणाची ग्रॅनाइटची, कुणाची कोट्याची, कुणाची लोखंडी जाळीची. त्या चुकवत चालण्यापेक्षा लोक खाली रस्त्यावरून चालतात. फुटपाथची कडसुद्धा एक पायरीच आहे की. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या नियमात ती जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर असावी असं आहे. तुमच्या गल्लीतली मोजून बघा.

उतरतानाच जास्त का पडतात?

चढताना पडलो तर समोर पायऱ्याच असतात, हात टेकतात, नडगीला खरचटतं. उतरताना पडलो की समोर हवा असते.

शिवाय उतरताना ट्रेड जास्त मोठा लागतो. पुरुषांची आठ नंबरची चप्पल साधारण २७ सेंटिमीटर लांब, आणि जुन्या पुलांचे ट्रेड असतात २५ वगैरे, म्हणजे पावलाचा पुढचा भाग हवेत लोंबकळतो आणि सगळा भार टाचेच्या जिवावर. म्हातारी माणसं जिना उतरताना पाऊल तिरपं टाकतात ती गुडघे दुखतात म्हणून, पण पाऊल मावत नाही म्हणूनही.

तिसरं कारण माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, ते म्हणजे चष्मा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो. जिना उतरताना आपण खाली बघतो, म्हणजे बरोबर त्याच भागातून, आणि दीड मीटरवरची पायरीची कड धूसर दिसते. त्यात सगळा जिना एकाच करड्या रंगाचा असला, वर संध्याकाळ, वर पाऊस, तर वरून बघताना तो जिना नसून एक सपाट उतरण वाटते. चाळिशीनंतरच्या कुणालाही विचारा.

चांगला जिना म्हणजे नेमका कसा

सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने एक हिशोब मांडला, तो अजून चालतो. उंचीची दुप्पट आणि ट्रेड यांची बेरीज आपल्या एका सहज पावलाएवढी यायला हवी, आजच्या मापात ६० ते ६५ सेंटिमीटर. डोकं असं की पाय वर उचलणं हे पुढे टाकण्याच्या दुप्पट कष्टाचं, म्हणून उंची दोनदा धरायची. १५ ची उंची आणि ३० चा ट्रेड, बेरीज ६०, झालं. आणि आपल्याकडच्या सरकारी सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांमध्येही हेच आहे, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, ट्रेड ३० पेक्षा कमी नको, आणि सलग बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, मधे लँडिंग हवं. लँडिंगवर दम खाता येतो हे झालंच, पण पडलेला माणूस तिथे थांबतो, सगळा जिना गडगडत खाली जात नाही.

कडेवर ५ सेंटिमीटरची वेगळ्या रंगाची पट्टी, पिवळी किंवा पांढरी, आणि ती प्रत्येक पायरीला. काही पुलांवर फक्त पहिल्या आणि शेवटच्या पायरीला मारतात, ते नसल्यापेक्षा बरं एवढंच.

दगडाबद्दल बोलायचं तर पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो आणि जुलैत त्यावर साबण ओतल्यासारखं होतं. बाहेरच्या जिन्याला खडबडीत फिनिशच हवं. आणि प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला अगदी हलका उतार, मीटरला एक-दोन सेंटिमीटर, पायाला कळत नाही पण पाणी साचत नाही. पाणी साचलं नाही की शेवाळ धरत नाही, आणि आपल्याकडे खरा शत्रू शेवाळ आहे. येऊरच्या बाजूला किंवा पारसिकच्या उतारावर जिथे झाडांची सावली आहे तिथे ऑगस्टमध्ये पायऱ्या हिरव्या होतात, तिथे डिझाइनबिझाइन राहू दे, आठवड्याला खराटा मारायला माणूस लागतो.

आणि कठडा, यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे कठडा म्हणजे पडू नये म्हणून आडोसा एवढंच समजतात. धरायची दांडी ही वेगळी गोष्ट. मुठीत मावेल अशी, साधारण ४ सेंटिमीटर जाडीची गोल, भिंतीपासून बोटं जातील एवढी लांब. चौकोनी जाडजूड पाइप किंवा फूटभर रुंद काँक्रीटचा कट्टा धरता येत नाही, नुसता हात ठेवता येतो, आणि पाय सटकला की ठेवलेला हात काही कामाचा नाही, पकडलेला हात वाचवतो. दांडी दोन्ही बाजूंना हवी, कारण अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि तो डावा की उजवा हे जिना ठरवू शकत नाही. दोन उंचींवर हवी, एक ९० सेंटिमीटरच्या आसपास आणि खालची साधारण ७५ वर, मुलांसाठी आणि बुटक्या माणसांसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दांडी शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंटिमीटर जायला हवी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा शेवटच्या पायरीच्या आधीच संपते, म्हणजे बरोबर जिथे दगा होतो तिथेच हात रिकामा.

"अहो पण लोक मोबाईल बघत चालतात त्याचं काय?"

चालतात की. त्यांनी बघू नये हे मान्यच. पण माझं म्हणणं असं की मापात बांधलेल्या जिन्यावर मोबाईलवालाही बहुतेकदा तरून जातो, कारण पायाला पाठ असतं, आणि बिघडलेल्या जिन्यावर खाली बघून चालणारी माझी आईही पडते. शिवाय कडेवर लहान मूल, खांद्याला ऑफिसची बॅग, पुढे माणसांची भिंत असताना पायरी बघायची कुठून? ठाणे स्टेशनला संध्याकाळी सातला उतरून बघा, स्वतःचे पाय दिसले तर सांगा.

गर्दीचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर, आताचं प्रभादेवी, पाऊस म्हणून लोक जिन्यावर थांबले, मागून येणाऱ्यांचा रेटा वाढला आणि चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. सपाट पुलावरून जितकी माणसं जातात तितकी जिन्यावरून जात नाहीत, जिन्यावर वेग कमीच होतो, म्हणून जिना पुलापेक्षा अरुंद असला की ते नरसाळं होतं. रुंद जिन्याला मधोमध दांडी टाकली की चढणारे-उतरणारे वेगळे होतात आणि मधल्या माणसालाही धरायला काहीतरी मिळतं.

"लिफ्ट, एस्केलेटर लावा, विषय संपला"

लावाच. व्हीलचेअरवाल्यांसाठी लिफ्टला पर्याय नाही. पण लिफ्ट बंद पडते, रात्री कुलूप लागतं, आणि एस्केलेटर बंद पडला की आपण त्याचा जिना करतो, तो मात्र जिना नसतो. त्याच्या पायऱ्या साधारण २० सेंटिमीटर उंच असतात आणि वर-खाली टोकाला त्या हळूहळू सपाट होत जातात, म्हणजे प्रत्येक पायरीची उंची वेगळी. बंद एस्केलेटरवर पाय विचित्र पडतो ना, भास नाहीये तो. त्यामुळे यांत्रिक काहीही असलं तरी शेजारी मापातला जिना लागतोच.

"मग रॅम्पच करा ना सगळीकडे"

इथे थोडं गणित करू, सोपंय. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. त्यापेक्षा उभा केला तर व्हीलचेअर स्वतः ढकलणाऱ्याचे हात भरून येतात आणि उतरताना ब्रेक लागत नाही. रस्त्यावरचा पूल साधारण सहा मीटर उंच. म्हणजे ७२ मीटर रॅम्प, मधे थांबायला सपाट जागा धरून ८० च्या वर, आणि हे फक्त एका बाजूला. दुसऱ्या बाजूला परत तेवढाच. रस्ता ओलांडायचाय पन्नासेक मीटरचा आणि त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे मीटर चढउतार. जिन्याने गेलात तर ४० पायऱ्या वर, ४० खाली.

म्हणून मला विचाराल तर रस्त्यावरच्या पुलाचा सगळ्यात चांगला जिना म्हणजे न बांधलेला जिना. जिथे जमेल तिथे सिग्नल देऊन माणसांना जमिनीवरूनच जाऊ द्या, थांबायचं आणि वेग कमी करायचं काम गाड्यांनी करावं, त्यांना गुडघे नसतात. हायवेला सगळीकडे हे होणार नाही हे कळतं. रेल्वेलाइनवर तर पूल किंवा भुयार लागणारच. पण निदान एकदा चढलेल्या माणसाला उगाच खाली उतरवून परत चढवू नका. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेर बससाठी उंचावर बांधलेला डेक आहे, सॅटिस, त्याला लोक कितीही नावं ठेवोत, रेल्वेच्या पुलावरून थेट वरच्या डेकवर बससाठी जाता येतं, एक उतरणं वाचतं. एवढ्याने किती गुडघ्यांचे आशीर्वाद मिळाले असतील.

जिथे जिना हाच रस्ता आहे

हे सगळं पुलांबद्दल झालं. पण कळव्याच्या डोंगरावरच्या वस्त्या बघा, मुंब्र्याच्या वरच्या चाळी, वागळे इस्टेटच्या मागे लोकमान्य नगर, इंदिरा नगर. तिथे जिना म्हणजे गल्ली. शाळेत जाणारी मुलं, पाण्याचे हंडे, भरलेला सिलिंडर, ज्याचं वजन टाकीसकट तीसेक किलो होतं, सगळं त्याच पायऱ्यांवरून. ॲम्ब्युलन्स खाली थांबते आणि पेशंटला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार जण उतरवतात. पायऱ्या लोकांनी स्वतः, मिळेल त्या दगडा-सिमेंटने, टप्प्याटप्प्याने घातलेल्या, त्यामुळे दोन पायऱ्या एकसारख्या नाहीत, आणि पावसात त्याच पायऱ्यांवरून वरचं पाणी धबधब्यासारखं येतं कारण गटार वेगळं नाहीच.

कोलंबियात मेदेयीन शहरात अशाच डोंगरावरच्या कोमुना १३ नावाच्या वस्तीत २०११ च्या शेवटी सरकारने उघड्यावरचे एस्केलेटर बसवले, सहा टप्प्यांत, लोकांसाठी फुकट. ऐकायला भारी वाटतं. आपल्याकडे आपला पाऊस आणि आपला मेंटेनन्स बघता मला तेवढी हौस नाही. माझी यादी छोटी आहे: जिन्याच्या कडेने वेगळं गटार, एका बाजूला पक्की दांडी, दर बाराएक पायऱ्यांनंतर खुर्ची टेकवता येईल एवढं लँडिंग आणि रात्री दिवा. हंडा, सिलिंडर आणि पेशंट तिघांनाही तेच लागतं.

"हे सगळं कायद्यात आहे का, की तुमच्या मनाचं?"

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात, आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या असं लिहिलंय, नियम निघाले २०१७ मध्ये, पाच वर्षं कधीच संपली. वर मी मापं दिली ती बराच काळ मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच वावरत होती, जमलं तर करा छापाची. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या केसमध्ये हेच पकडलं, की हक्क दिलाय आणि नियम मात्र नुसती शिफारस करतो हे चालणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले.

खर्चाचं म्हणाल तर नवीन पुलाचं बजेट मोठं असतं, पण पट्टी रंगवणं, दांडी फूटभर वाढवणं, खालची पायरी फोडून रस्त्याच्या पातळीला जुळवून परत बांधणं ही गवंडी आणि वेल्डरची दोन-तीन दिवसांची कामं आहेत. रस्त्याच्या टेंडरमध्ये एक ओळ घातली, की लगतच्या जिन्यांच्या पायऱ्या आणि फुटपाथच्या कडा मूळ मापात आणून दिल्याशिवाय बिल पास होणार नाही, तर अर्धं काम तिथेच होईल. तक्रार करायची तर "जिना धोकादायक आहे" असं मोघम लिहू नका, टेप लावलेला फोटो जोडा, वरच्या पायरीची उंची आणि शेवटच्या पायरीची उंची. मी तसंच केलं. "संबंधित विभागाकडे वर्ग" असं उत्तर आलंय, दोनदा.

दरम्यान आईच्या त्या पायरीवर कुणीतरी जाड पिवळा पट्टा मारला. मला वाटलं आमच्या तक्रारीमुळे. चौकशी केली तर जिन्याखाली गजरे विकायला बसणाऱ्या मावशींनी मारून घेतलेला, लोक सारखे त्यांच्या टोपलीवर येऊन पडायचे म्हणून. हात लावून बघितलं तर पट्टा खरखरीत. विचारलं तर म्हणाल्या, "अगं नुसता ऑइलपेंट मारला तर पावसात उलट घसरतील ना, म्हणून मूठभर वाळू कालवली त्यात."